दुसऱ्याच्या नावावर सुटलेली कोडी

अण्णा, काल कुळगावात तुमच्या मुलाचा सत्कार झाला. कारखान्याच्या जुन्या कामगारांनी पंच्याहत्तरीनिमित्त त्याला शाल दिली, नारळ दिला आणि एक भली मोठी फ्रेम दिली. फ्रेममध्ये सतरा कात्रणं आहेत, इंग्रजी साप्ताहिकातल्या अक्षरकोड्यांची. खाली अचूक उत्तर पाठवणाऱ्यांची यादी, आणि प्रत्येक यादीत त्याचं नाव, पुढे अंबरनाथ. ती कात्रणं तुम्ही स्वतः कापलीत, मागे खळ लावून जुन्या हजेरीपुस्तकात चिकटवलीत, तिथून सुटी करून आता ती फ्रेममध्ये गेली. त्यातलं एकही उत्तर त्याचं नाही. सतराच्या सतरा माझी आहेत. हे तुम्हाला ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, त्याला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. चौघांपैकी आम्ही दोघे उरलो. काल त्या सभेत मला दोन शब्द बोलायला उभं केलं, आणि खरं काय ते सांगायची संधी साठ वर्षांनी माझ्या हातात आयती आली. तिचं मी काय केलं, ते तुम्हाला सांगायचं आहे. पण आधी माझं सगळं ऐकावं लागेल. जिवंतपणी तुम्ही कधी ऐकून घेतलं नाहीत. माझं बोलणं अर्ध्यावर आलं की तुम्ही चष्मा काढून धोतराला पुसायला लागायचात, आणि चष्मा नसताना तुम्हाला ऐकू येत नाही अशी घरातल्या सगळ्यांची समजूत होती.

मी नऊ वर्षांची असेन. रविवार आहे, कारखान्याचा भोंगा वाजलेला नाही, आणि तुम्ही टाइमकीपर म्हणून मला तुमच्या टाइम ऑफिसात घेऊन आला आहात, कारण रविवारी तुम्ही कामगारांची जुनी हजेरीकार्डं काढून आठवड्याची नवी लावता. भिंतीवर कार्डं ठेवायची लाकडी फळी आहे. सव्वीस खण, आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे, वर तेरा आणि खाली तेरा. रंगाऱ्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तो कागदावरची अक्षरं बघून गिरवत होता. वरची ओळ डावीकडून रंगवत तो एमपर्यंत पोचला, स्टुलावरून उतरला आणि जिथे उभा होता तिथूनच खालची ओळ सुरू केली. त्यामुळे एमच्या खाली एन आला आणि खालची ओळ उलटी चालत चालत झेडवर, म्हणजे बरोबर एच्या खाली येऊन थांबली. मोठे साहेब चिडले, पुन्हा रंगवा म्हणाले. पण तोवर तिन्ही पाळ्यांच्या माणसांचे हात त्या खणांना सरावले होते, म्हणून तुम्ही ती तशीच राहू दिलीत. मी फळीकडे बघत बसले होते. मग म्हटलं, "अण्णा, वरच्याचा नंबर आणि खालच्याचा नंबर मिळवला की दर वेळी सत्तावीसच येतात." तुम्ही हातातली कार्डं टेबलावर ठेवलीत. ए आणि झेड, बी आणि वाय, सी आणि एक्स, असं करत तुम्ही तेराही जोड्या बोटांवर मोजल्यात. मग माझ्याकडे वळून पाहिलंत. तसं तुम्ही माझ्याकडे त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर नंतरही फारसं नाही.

तिथून आपला रविवार ठरून गेला. मोठ्या साहेबांचं वाचून झालेलं साप्ताहिक तुम्ही शनिवारी घरी आणायचात. स्वयंपाकघराच्या शहाबादीवर मी खडूने सव्वीस अक्षरं त्या फळीसारखीच दोन ओळींत लिहायची, तुम्ही पाटावर बसायचात, आई स्टोव्हवर भाकऱ्या टाकायची. "पाय देऊ नका रे कुणी, ताईचा कारखाना चाललाय," असं ती म्हणायची आणि केर काढताना तेवढी फरशी सोडायची. ए, सी, एफ, जे, ओ, पुढे काय? तुम्ही अजून बोटं मोजत असायचात तेव्हा मी यू म्हणून मोकळी झालेली असायची. आधी एक अक्षर गाळायचं, मग दोन, मग तीन. त्यात विशेष काही नव्हतं, फक्त अक्षरांकडे माणसांसारखं बघायचं, कोण कुणापासून किती अंतरावर उभं आहे ते. तुम्हाला इंग्रजी बेताचं. मला कॉन्व्हेंटात घातलंत तेव्हा चाळीत बोभाटा झाला होता, मुलगी झगा घालून गिटपिट करणार म्हणून, आणि तुम्ही कुणालाही जुमानलं नाहीत. त्याचं श्रेय मी तुम्हाला देते. घरात इंग्रजी वाचणारं कुणीतरी तुम्हाला हवं होतं आणि मुलगा तेव्हा चड्डीच्या खिशात गोट्या भरून हिंडत होता, एवढंच त्याच्यामागचं कारण असलं, तरी देते.

पहिलं पोस्टकार्ड मी माझ्या अक्षरात लिहिलं. सिस्टरनी गिरवून घेतलेलं, उजवीकडे झुकलेलं अक्षर. खाली माझं नाव. तुम्ही ते वाचलंत आणि मधोमध फाडलंत.

"हे काय?" मी म्हटलं.

"नाव छापून येतं. गावासकट. उद्या कुठलाही रिकामटेकडा पत्र टाकील, आणि पोस्टमन ते दहा घरी दाखवून मग आपल्याकडे आणील."

"अहो, पण सोडवलंय तिनंच ना?" आई म्हणाली.

"मग काय झालं? घर एकच आहे."

आणि दुसऱ्या कार्डावर तुम्ही मुलाचं नाव लिहिलंत. तो तेव्हा सात वर्षांचा. त्याला एबीसीडी क्यूपर्यंत सलग म्हणता यायची, पुढे तो अंदाजाने जायचा. तीन आठवड्यांनी त्याचं नाव छापून आलं आणि तुम्ही ते अख्ख्या चाळीला दाखवलंत. लोक त्याच्या गालाला हात लावून जायचे. तो माझ्याकडे बघायचा आणि मी फरशीकडे.

सातव्या वेळी बक्षीस आलं, शाईचं पेन. त्या साप्ताहिकाची पद्धत अशी की पेनावर विजेत्याचं नाव कोरून पाठवायचे. तुम्ही ते माझ्यासमोर ठेवून मोठ्या मनाने म्हणालात, "तू वापर. नाव त्याचं राहू दे." भावाचं नाव असलेल्या पेनाने मी मॅट्रिकपर्यंत लिहिलं. वर्गात एकदा सिस्टरनी ते उचलून उजेडात धरलं आणि विचारलं, हे कुणाचं आहे. भावाचं, असं मी सांगितलं. मग तू त्याला विचारून आणलंस का? चाळीस मुलींसमोर मला हो म्हणावं लागलं. तुम्ही याला किरकोळ गोष्ट म्हणाल. माझ्या मते माणसाला स्वतःच्याच वस्तूची परवानगी दुसऱ्याकडून घ्यायला लावणं किरकोळ नसतं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी तुमच्यावर सगळ्यात जास्त चिडलेली आहे. कारखान्यात सगळ्यात मोठा गुन्हा कुठला, तर दुसऱ्याचं कार्ड मारणं. एकजण उशिरा येणार असेल तर त्याचा दोस्त आपल्याबरोबर त्याचंही कार्ड घड्याळात घालायचा, म्हणजे तो वेळेवर आला अशी नोंद व्हायची. सगळीकडे हे चालायचं. तुमच्या फळीवर चालायचं नाही, आणि याचा तुम्हाला कोण अभिमान. मी बारा वर्षांची असताना चामटोलीचा एक तरुण कामगार यात सापडला. तुम्ही रिपोर्ट केलात आणि त्याला पंधरा दिवस घरी बसवलं. त्याची बायको आपल्या दारात आली. ती चालत आली होती, कडेवर पोर, हातात कंटोळ्यांच्या भाजीचं फडकं. तुम्ही कंटोळी घेऊ दिली नाहीत. आईने तिला आत बोलावून चहा दिला आणि ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकली.

"सायब, त्याच्या आयशीला रातभर उलट्या व्हत व्हत्या. म्हनून उशीर झाला. त्यानं सोता नाय सांगितलं कार्ड मारायला, त्या दोस्तानं मारलं."

"आई आजारी असेल तर रजेचा अर्ज करायचा."

"अर्ज लिवता येत न्हाय त्याला."

"तर कुणाकडून लिहून घ्यायचा. पण कार्ड ज्याचं त्यानंच मारायचं. नाहीतर कोण आलं आणि कोण नाही, हे मला कसं कळणार, बाई?"

ती गेली. त्याच दिवशी, तिचा चहाचा कप मोरीत पडलेला असताना, तुम्ही पाटावर बसून माझं उत्तर पोस्टकार्डावर उतरवत होतात आणि खाली मुलाचं नाव घालत होतात. मी विचारलं, "अण्णा, हे कार्ड कोण मारतंय?"

तुम्ही मारलं नाहीत मला. तुम्ही फक्त पेनाचं टोपण लावलंत आणि म्हणालात, "तोंड फार चालायला लागलंय. कॉन्व्हेंटात हेच शिकवतात वाटतं." पुढचे पाच रविवार साप्ताहिक घरी आलं नाही. सहाव्या रविवारी आलं आणि मी, लाचार कार्टी, धावत खडू घेऊन बसले. कोडं सोडवल्याशिवाय मला राहवायचं नाही, हे तुम्ही ओळखून होतात. आईने त्या दिवशी फरशी पुसली. तिने काही न बोलता केलेली ती एकच टीका मला आठवते.

तरी हे सगळं मी बालपणाच्या खात्यात ढकलून सोडून दिलं असतं. पण मग मोठ्या साहेबांनी यादीतलं नाव वाचलं. आपल्याच टाइमकीपरचं आडनाव, आपलंच गाव. त्यांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावून विचारलं की हे कोण, कारण अशा डोक्याचं माणूस त्यांना प्लॅनिंगमध्ये हवं आहे. मी तेव्हा मॅट्रिक होऊन वर्षभर घरी बसलेली. ऑफिसात दोन टायपिस्ट बायका होत्या, म्हणजे बाई चालणार नाही असं काही नव्हतं. एका वाक्याचं काम होतं. रात्री जेवताना तुम्ही आम्हाला मोठ्या खुशीत सांगितलंत, "मी म्हटलं, मुलगा आहे साहेब. अकरावीची परीक्षा नुकतीच दिलीय, सांगाल तेव्हा हजर करतो." आईने भाताचा डाव पातेल्यात टाकला. माझ्या भावाचा घास घशात अडकला, त्याला पाणी द्यावं लागलं. आणि मग तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "आठ दिवस आहेत साहेबांच्या परीक्षेला. त्याला तयार कर."

मी तयार केलं. मी नाही म्हणू शकले असते, चुकीचं शिकवू शकले असते. मी आठ दिवस त्या फरशीवर त्याला दोन ओळी घोकायला लावल्या. रडायचा तो. "ताई, मला नाही दिसत गं तुला दिसतं तसं," म्हणायचा, आणि मी त्याच्या बोटांवर पट्टी मारायची. साहेबांनी विचारलं, ए झेड, सी एक्स, एफ यू, पुढे काय? त्याने डोळे मिटले, ती फळी आठवली आणि म्हणाला, जे क्यू. लागला नोकरीला. अठ्ठावन्नाव्या वर्षी अधिकारी म्हणून निवृत्त झाला. चांगलं काम केलं असेल त्याने, मेहनती आहे. मी टेलिफोनची परीक्षा दिली आणि उल्हासनगरच्या एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं कानाला हेडफोन लावून बसले. "बहनजी, अर्जंट लगा दो नी, सुरत का माल अटका पडा है," म्हणणाऱ्या सिंधी व्यापाऱ्यांची लाइन जोडत राहिले. ती नोकरी मी माझ्या नावावर मिळवली. तुम्ही त्या दिवशी पेढे वाटले नाहीत, पण माझ्या तुटक्या चपलेला नवा अंगठा लावून आणलात, हे मला आठवतं.

आता हल्लीचं. तुमच्या मुलाची नात, म्हणजे तुमची पणती, बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करते. त्यात नेमकी हीच अक्षरांची कोडी असतात, पानंच्या पानं. ती चिखलोलीला राहते आणि दर शनिवारी रिक्षा करून माझ्याकडे येते. एके दिवशी पुस्तक मिटून म्हणाली, "आत्याआजी, एक विचारू? मी आजोबांना एक सिरीज दिली. एकदम इझी होती. ते म्हणाले, चष्मा नाहीये जवळ. चष्मा डोक्यावर होता."

"म्हातारा झालाय तो."

"तू पण झालीयेस. तुला तर मी वाचून दाखवायच्या आधी येतं." मग माझ्याकडे बारीक डोळे करून बघितलं. "ते जुन्या हजेरीपुस्तकातले कटिंग्ज कुणाचे आहेत गं?"

मी तिला पुढचं कोडं काढायला लावलं. पण सत्काराचं ठरलं तेव्हा मी मनाशी ठरवलं की आता बोलायचं. परवा संध्याकाळी भाऊ स्वतः माझ्या घरी आला. चार जिने चढून, धापा टाकत. मला वाटलं गप्प राहा म्हणून विनवायला आलाय, आणि मी उत्तर तयार ठेवलं होतं. तो पाणी प्यायला आणि म्हणाला, "ताई, उद्या तुला जे बोलायचं ते बोल. मी अडवणार नाही. एकदाचं होऊन जाऊ दे."

"तुला काय वाटेल?"

"सुटेन. चाळीस वर्षं ऑफिसात कुणी कोडं घेऊन आलं की मी संडासात जाऊन बसायचो. डायबेटिस आहे असं पसरवलं होतं मी. तो खरा नंतर झाला."

मी हसले. अण्णा, साठ वर्षांत या विषयावर आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो. तो गेल्यावर मला तुमचा आणखी राग आला. तुम्ही फक्त माझं घेतलं असं मी धरून चालले होते. त्यालाही तुम्ही जन्मभर दुसऱ्याच्या खणात उभं केलंत.

तर कालची सभा. हॉल भरलेला, कारखान्याची जुनी माणसं, बऱ्याच जणांच्या हातात काठ्या. कारखाना बंद पडून आता त्या जागी टॉवर उभे आहेत, पण ही माणसं अजून एकमेकांना खात्याच्या नावाने हाक मारतात. माझ्या आधी एक म्हातारा बोलायला उठला. दोघांनी धरून आणला त्याला. नव्वदीला टेकलेला, मान हलणारी. त्याने आपलं गाव चामटोली सांगितलं तेव्हा मी हातातली भाषणाची चिठ्ठी मिटली.

"यांचे वडील टायमकीपर," तो म्हणाला. "मला पंधरा दिवस घरी बसवला त्यांनी. दोस्तानं माझं कार्ड मारलं व्हतं. बायको गेली त्यांच्या पाया पडायला, तिच्या हातची भाजी पन घेतली न्हाय. लय शिव्या घातल्या मी तवा. पन नंतर कळलं, ह्यो मानूस सोताच्या पोरालाबी सोडनार न्हाय. माझी पोरं मी तसंच सांगून वाढवली. दुसऱ्याचं आपल्या नावावर लावू नका. एक पोरगा तलाठी हाय. आजपावेतो त्याच्याकडं कुनी बोट न्हाय दाखवलं."

टाळ्या झाल्या. मग माझं नाव पुकारलं. मी उठले. पहिल्या रांगेत भाऊ बसला होता, त्याने माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, बोल म्हणून. पणतीने फोन वर धरला होता, रेकॉर्ड करायला. म्हातारा खुर्चीवर बसून कानाशी हात नेऊन वाट पाहत होता. चिठ्ठीत चार ओळी होत्या, सगळ्या खऱ्या. आणि मी म्हणाले, "आमच्या वडिलांनी जे नियम फळीवर पाळले तेच घरात पाळले. आमच्या घरात कुणाचं कार्ड कधी कुणी मारलं नाही. माझ्या भावाने जे मिळवलं ते त्याच्या स्वतःच्या डोक्यावर मिळवलं." एवढं बोलून मी बसले. लोकांनी बराच वेळ टाळ्या वाजवल्या. भावाने मान खाली घातली ती चहा येईपर्यंत वर केली नाही.

परतताना पणती माझ्याबरोबर रिक्षात होती. अंबरनाथ येईपर्यंत फोनवर बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "मी तुझं भाषण रेकॉर्ड नाही केलं. मध्येच बंद केलं."

"का?"

"खोटं होतं म्हणून. आजोबांनी मला सकाळीच सगळं सांगितलंय. मी तर टाकणार होते, सगळ्या ग्रुप्सवर. तू असं का केलंस?"

मी तिला सांगितलं की त्या म्हाताऱ्यासाठी. त्याने ज्या गोष्टीवर घर उभं केलं ती या वयात त्याच्या पायाखालून काढून घ्यायची, हे मला जमलं नाही. ती म्हणाली, "हं." तिच्या त्या हंमध्ये अविश्वास होता आणि तो बरोबर होता. आज सकाळी उठून मी चहासुद्धा घेतला नाही, कागद घेतला आणि तुम्हाला लिहायला बसले. तुमच्यावर जेवढं चिडता येईल तेवढं चिडून घेतलं. अजूनही राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही. तुम्ही जे केलंत ते वाईट केलंत. मला बाराव्या वर्षी ते दिसत होतं आणि तुम्हाला मरेपर्यंत दिसलं नाही.

हा कागद आता घडी करून कपाटात जाईल. तो पणतीला दाखवावा असं मघाशी वाटलं होतं, तेही आता नको, कारण पुढची ओळ तिने वाचावी असं मला वाटत नाही. माइक हातात आला तेव्हा मी त्या म्हाताऱ्याकडे बघितलं, हे खरं. पण वाक्य जुळवताना तो माझ्या डोक्यात नव्हता. भाऊही नव्हता. मी ते असं जुळवलं की तुम्ही ऐकलं असतंत तर हातातलं काम खाली ठेवून माझ्याकडे वळून पाहिलं असतंत. सत्त्याहत्तर वर्षांची बाई मी. वाक्य चांगलं जमलं आहे हे मला बोलताबोलताच कळलं, आणि मला बरं वाटलं.